हिचा बाप कोण?

आम्ही संगमनेर साईडचे, गोठ्यात सहा एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गाया. दूध बऱ्यापैकी, पण फॅट कायम ३.५ च्या खाली आणि डेअरीत रेट कापला जायचा. इतकी वर्षं मी काय करायचो, गाय माजावर आली की डॉक्टरला फोन, ते आणतील ती कांडी (वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी) भरायची, विषय संपला.

मागच्या वर्षी नवीन डॉक्टर आले, म्हटलं साहेब यावेळी कालवडीचीच कांडी टाका, म्हणजे मादी वासरूच होईल अशी, तर म्हणाले टाकू की, पण हिचा बाप कोण? आता मला काय माहीत! वळूचा नंबर कांडीवर छापलेला असतो, आपण वाचतो कुठं. म्हणजे नकळत बापाचीच कांडी लेकीला भरली गेली असती, मग वासरं कमजोर, गाय उलटायचं, म्हणजे गाभ न राहता परत माजावर यायचं प्रमाण जास्त. आमचे आबा खाटेवरून म्हणाले, पोरांच्या सोयरिकीला गोत्र बघता, गाईला नाही होय.

मग डॉक्टरांनी वळूंचा तक्ता दाखवला. वळू स्वतः दूध देत नाही, त्यामुळे त्याच्या लेकींच्या नोंदी बघायच्या, आणि आता तर वासराच्या डीएनएवरूनच अंदाज काढतात (देशी गाईंचा डीएनए तपासायची गौ चिप २०२४ ला आपल्या वाशीमलाच लाँच झाली, माझ्या क्रॉसला तिचा उपयोग नाही ते सोडा). लिटरपेक्षा फॅट वारशात जास्त उतरतं म्हणे, चाऱ्याचाही भाग असतोच, म्हणून लेकींचं फॅट चांगलं असलेला वळू धरला.

कांडी उणे १९६ डिग्रीच्या नायट्रोजनमधून काढली आणि ३७ डिग्रीच्या पाण्यात अर्धा मिनिट. डॉक्टर थर्मामीटर घेऊन बसलेले, आधीचे तर खिशात धरायचे! कालवड देणारे शुक्राणू वेगळे करता येतात कारण त्यांच्यात गोऱ्हा देणाऱ्यांपेक्षा डीएनए साधारण ४ टक्के जास्त असतो, पण या कालवडीच्या कांडीत शुक्राणूच कमी, त्यामुळे वेळ चुकली की गेलं. माझी चुकलीच, घाई केली, २१ दिवसांनी गाय परत माजावर. दुसऱ्या वेळी सकाळी माज दिसला, दुपारी दोनदा फोन करायचा मोह झाला, पण काचेसारखा सोट (माजाचा चिकट स्राव) बघत थांबलो आणि संध्याकाळी भरली.

कालवडच झाली, कपाळावर पांढरा ठिपका. दूध कळायला अजून दोन-अडीच वर्षं आहेत. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर आणि बापाचा नंबर वहीत लिहिला होता, वही गाईनेच चघळली, म्हणून आता गोठ्याच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहिलाय.