रक्त गोठलं का?

"इंजेक्शन दिलं होतं, तरी माणूस गेला." बडोद्यात दर पावसाळ्यात हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतंच. यंदा ते आमच्याच घरात ऐकलं, तेही नागपंचमीला. (आपली पंचमी श्रावण शुद्धातली, शेजारच्या गुजराती घरांची वद्यातली, त्यामुळे आमच्या गल्लीत नागाची पूजा दोनदा होते.) दांडिया बाजारातले धाकटे दीर जेवायला आले होते. पुरणाची दिंडं वाढता वाढता विषय निघाला. त्यांच्या ओळखीच्या कुणाच्या तरी शेतावर, वाघोडियाकडे, मजुराला साप चावला. दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, पण तो वाचला नाही. "त्या औषधात आता काही दम राहिलेला नाही, वहिनी," भाऊजी म्हणाले.

मी विचारलं, किती वाजता चावला? दवाखान्यात किती वाजता पोचला? व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, किती दिल्या? साप कुठला होता? त्यांना एकाचंही उत्तर ठाऊक नव्हतं. त्यांचा दोष नाही, ऐकीव गोष्टीत हे तपशील कधीच येत नाहीत. पण ते कळल्याशिवाय औषधाला नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहायला बसले.

मी लॅब टेक्निशियन आहे. डभोई रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात माझी बरीच नोकरी झाली. जून लागला, शेतांत कपाशीची लावणी सुरू झाली, की रात्रपाळीला सर्पदंशाचे पेशंट येऊ लागतात. डॉक्टर पेशंटला बघतात, आणि माझ्याकडे येते दोन एमएल रक्ताची एक सिरिंज.

त्या रक्ताची तपासणी इतकी साधी आहे की नवीन मुलींना खरीच वाटत नाही. नवी कोरी, कोरडी, काचेची टेस्ट ट्यूब घ्यायची. त्यात ताजं रक्त सोडायचं, ट्यूबवर चिकटपट्टी लावून वेळ लिहायची आणि पेशंटच्या जवळच स्टँडमध्ये उभी करून ठेवायची. वीस मिनिटं हात लावायचा नाही. हलवून बघायचा मोह होतो, नातेवाईक तर चार वेळा येऊन जातात. "बेन, लोही जाम्युं?" म्हणून विचारतात. वीस मिनिटं झाली की ट्यूब एकदाच कलती करायची. निरोगी माणसाचं रक्त लागलेल्या दह्यासारखं जागच्या जागी राहतं. घोणस किंवा फुरसं चावून विष भिनलं असेल तर ते पातळच राहतं आणि सरळ काठापर्यंत ओघळत येतं. ते बघितलं की मी कागदावर लिहीत बसत नाही, आधी ओरडून सांगते. कारण प्रतिविष, म्हणजे सापाच्या विषावरचं ते इंजेक्शन, चालू करायला डॉक्टरांना तेवढा पुरावा पुरतो.

घोणशीला आमच्याकडे खडचितळो म्हणतात. तिच्या विषातली द्रव्यं रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेलाच भलतीकडे कामाला लावतात. शरीरभर बारीक गुठळ्या होत राहतात आणि गोठवायचा साठा संपून जातो. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येत राहतं. याच विषाचा अगदी सौम्य केलेला थेंब मोठ्या लॅबमध्ये ल्युपस अँटिकोॲग्युलंटच्या (रक्त गोठण्याच्या तपासणीत ढवळाढवळ करणाऱ्या प्रतिपिंडांच्या) तपासणीत रीएजंट म्हणून वापरतात. आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळांना हे माहीत नसतं.

प्रतिविष नेमकं काय करतं? ते रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं आणि निकामी करतं. एवढंच, पण हे 'एवढंच' फार मोठं आहे. १८९० च्या दशकात अल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरांनी नागाच्या विषावर पहिलं प्रतिविष तयार केलं, आणि मूळ पद्धत अजून तीच आहे. घोड्याला विषाचे छोटे छोटे डोस वाढवत नेतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, मग रक्त काढून ती वेगळी आणि शुद्ध करतात. आपल्याकडचं औषध चार सापांवर एकत्र चालतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतून येतं. चेन्नईजवळ इरुळा लोकांची एक सहकारी संस्था आहे, १९७८ सालची. ही माणसं साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हा सोडून देतात. त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ती बातमी वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पण मोकळं विष पकडणं म्हणजे झालेलं नुकसान भरून काढणं नव्हे. घोणशीच्या विषानं मूत्रपिंडं बसली असतील तर ती प्रतिविषानं उठत नाहीत, डायलिसिस लागतं. चावलेल्या जागेचं मांस सडायला लागलं असेल तर ते परत येत नाही. म्हणून किती वाजता पोचला हा माझा पहिला प्रश्न असतो. भुव्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, दोन तास गेले, मग गावच्या दवाखान्यात एक तास, मग रिक्षा शोधण्यात आणखी वेळ, आणि शेवटी इंजेक्शन. तोवर विषानं आपलं काम उरकलेलं असतं. भुव्याचं नाव मात्र टिकून राहतं, कारण कितीतरी साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. ती माणसं काहीही न करता वाचली असती, पण श्रेय मंत्राला जातं.

दुसरा प्रश्न व्हायलचा. इथे थोडा हिशेब मांडते, कारण सगळं त्यातच आहे. आपल्या प्रतिविषाचा एक एमएल घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो. एक व्हायल १० एमएलची. म्हणजे १० व्हायल दिल्या तर ६० मिलिग्रॅमची सोय झाली. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. म्हणूनच विष भिनल्याची लक्षणं असतील तर सुरुवातच ८ ते १० व्हायलनं करायची असते. मुलांनाही डोस तेवढाच, कारण समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. आता एखाद्या छोट्या ठिकाणी दोन व्हायल देऊन 'पुढे न्या' म्हटलं, तर झाली सोय १२ मिलिग्रॅमची. कागदावर मात्र 'प्रतिविष दिले' असंच लिहिलेलं असतं. असे कागद मी हातात घेतले आहेत आणि त्या पेशंटचं रक्त ट्यूबमधून ओघळताना बघितलं आहे.

छोट्या ठिकाणचे डॉक्टर कचरतात त्यामागे कारण आहे, हेही सांगायला हवं. घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषध, त्याची रिॲक्शन येऊ शकते. अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. पण त्यावर ॲड्रेनलिन आहे, ते सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं असतं. रिॲक्शन आवरता येते. वाया गेलेला तास परत आणता येत नाही.

प्रतिविष दिल्यावर नातेवाईकांना वाटतं, आता लगेच रक्त गोठेल. तसं होत नाही. विष निकामी झालं तरी गोठवणारे घटक यकृताला नव्यानं बनवावे लागतात, त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून सहा तासांनी मी पुन्हा ट्यूब लावते. तेव्हाही रक्त ओघळलं तर आणखी डोस. पहाटेच्या दुसऱ्या ट्यूबमध्ये गोळा घट्ट बसलेला दिसला की मी स्वतः वॉर्डात जाते आणि ती ट्यूब नातेवाईकांना दाखवते. नुसत्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि का बसावा?

मण्यारीपुढे मात्र माझी ट्यूब काही बोलत नाही. मण्यार, इथला काळोतरो, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी खूणसुद्धा सापडत नाही. एका पावसाळ्यात सिनोरकडची एक मुलगी पहाटे पोटात दुखतंय म्हणून आली. रक्त छान गोठलं. पण तिच्या पापण्या उघडत नव्हत्या आणि आवाज घोगरा होत चालला होता. मण्यारीचं विष नसांच्या टोकांनाच इजा करतं, आणि झालेली इजा प्रतिविषानं भरून येत नाही. तिला प्रतिविष दिलं, पण खरं वाचवलं व्हेंटिलेटरनं. नसा पूर्ववत होईपर्यंत कितीतरी दिवस यंत्र तिच्यासाठी श्वास घेत होतं. ती चालत घरी गेली. अशा पेशंटला व्हेंटिलेटर नसलेल्या ठिकाणी नुसतं इंजेक्शन मिळालं आणि तो गेला, तर गावात पुन्हा तेच वाक्य फिरतं.

भाऊजींच्या म्हणण्यात एक खरा धागा आहे, तो नाकारणार नाही. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. तमिळनाडूतल्या सापांच्या विषावर बेतलेलं औषध पश्चिमेकडच्या सापांवर तितकंच लागू पडेल असं नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुणगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की चार सापांपलीकडच्या काही विषारी जातींवर बाजारातली प्रतिविषं फार कमी पडतात. त्या जातींत राजस्थानातली सिंधी मण्यारही आहे, म्हणजे आपल्या शेजारचीच. त्यामुळे प्रदेशानुसार औषध हवं, ही मागणी अगदी रास्त आहे. पण ते येईपर्यंत हातात आहे ते औषध पुरेशा मात्रेत आणि वेळेवर मिळालं, तर आजही माणसं वाचतात. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं साधारण १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि बहुतेक मृत्यू दवाखान्याबाहेर, खेड्यांत झाले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांपर्यंत औषध पोचलंच नव्हतं.

तेव्हा साप चावला तर हात किंवा पाय हलू देऊ नका, करकचून दोरी बांधू नका, चिरू नका, १०८ ला फोन करा. साप मारून आणायच्या नादात वेळ घालवू नका, आमचं त्यावाचून अडत नाही.

आणि हे वाचणाऱ्या माझ्यासारख्याच लॅबवाल्यांना एक विनंती. काचेच्या कोऱ्या ट्यूबचा एक डबा कपाटात वेगळा ठेवा, वर 'फक्त सर्पदंश' असं लिहा. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये रक्त गोठायला काचेचा स्पर्श मिळत नाही, आणि साबणानं धुतलेल्या ट्यूबमध्ये निरोगी माणसाचं रक्तही गोठेनासं होऊ शकतं. जांभळ्या टोपणाची तर चुकूनही घेऊ नका, तिच्यात रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. वापरलेली ट्यूब कितीही स्वच्छ दिसली तरी त्या डब्यात परत ठेवू नका.