डिझेल इंजिनाला ऑइल प्रेशर गेज बसवताना
ऑइल प्रेशरचा मूळ लाल दिवा बहुतेक इंजिनांत दाब साधारण अर्ध्या बारच्या आसपास घसरल्यावरच पेटतो, म्हणजे तो इशारा कमी आणि निकालच जास्त. म्हणून मी गेज बसवला. इंजिनावरच्या या दिव्याच्या स्विचच्या जागी टी-जोड लावला की दिवा व गेज दोन्ही चालतात, पण जड सेंडर (दाब मोजून गेजला संकेत देणारा भाग) थेट पितळी जोडावर टांगणे मला पटत नाही, कारण डिझेलच्या थरथरीने तो आट्यांपाशी तडकू शकतो आणि मग तेल दाबाने बाहेर उडते. त्यापेक्षा लवचिक होजने सेंडर बॉडीवर घ्यावा आणि एकाच वायरचा असल्यास त्याला अर्थिंग स्वतंत्र द्यावे. आटे आधी तपासावेत: एक अष्टमांश इंची एनपीटीला (पाइपच्या आट्यांचे अमेरिकी माप) इंचात २७ आटे असतात, बीएसपीला (ब्रिटिश माप) २८, आणि सुरुवातीचे एक-दोन फेरे दोन्ही एकमेकांत बेमालूम बसतात.