लेकीच्या हातांवर शिकलेली आमची राणी : माझा अनुभव

हे लिहायचं कारण म्हणजे बेळगावातला एक डॉग ट्रेनिंग क्लास. नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती खुणांच्या भाषेत बोलते, आणि आज आमची कुत्री राणी तिच्या हातांकडे बघून बसते, थांबते, धावत येते, तोंडातली वस्तू सोडते. हे होणारच नाही असं त्या क्लासमध्ये आम्हाला तोंडावर सांगितलं होतं.

राणी मुधोळ हाऊंड. टपाल खात्यानं २००५ साली चार देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. ते चित्र बघून लेकीनं हट्ट धरला. पिल्लू आणणं, लसी, जंताचं औषध, शी-शूची सवय हे चार घरांत होतं तसंच झालं. पिल्लू देणाऱ्या माणसानं मात्र कन्नडमध्ये एक गोष्ट बजावून सांगितली होती : या जातीचं सगळं कसब डोळ्यांत आहे. नजरेनं शिकार करणारं कुत्रं. मला वाटलं, आपल्या लेकीला याहून चांगली जोडीदारीण कुठली मिळणार?

मग तो क्लास. फॉर्मवर ‘कमांडची भाषा’ असा रकाना होता : इंग्रजी, कन्नड, मराठी, हिंदी. आपल्या भागात असा रकाना लागतोच, घरात आजी मराठीत हाक मारते आणि दूधवाला कन्नडमध्ये. मी खाली ‘खुणांची भाषा’ असं लिहिलं. काउंटरवरच्या माणसानं ते खोडलं, ‘मराठी’वर टिक केली आणि मालकाच्या जागी माझं नाव घातलं. कुत्री लेकीची आहे म्हटलं तर म्हणाला, “कमांड देणाऱ्याचं नाव लागतंय ओ ताई.”

मैदानावरही तेच. लेक दोरी धरून उभी आणि ट्रेनर माझ्याशी बोलतोय. तिनं हात वर नेला की राणी बसायची, मी डोळ्यांनी बघितलंय. तर हा म्हणायचा, “ते खाऊसाठी बसतंय, कमांडवर नाही. पोरीला तोंडानं कायतरी म्हणू दे की. नुसता आवाज काढला तरी चालतंय.” माझी लेक लहानपणापासून हेच ऐकवून घेत आलीय. शाळेत, दवाखान्यात, पाहुण्यांत, आवाज काढ. आता कुत्र्यापुढेही काढायचा?

मी बाकावर बसून बघत राहिले आणि एक गोष्ट लक्षात आली. ट्रेनर ‘सिट’ म्हणायचा तेव्हा त्याचा उजवा हात दरवेळी कोपरातून वर यायचा. ‘स्टे’ म्हणताना पंजा पुढे. त्याच्या स्वतःच्याही ते लक्षात नव्हतं. मी उठले आणि म्हटलं, दादा, दोन्ही हात खिशात घाला आणि आता म्हणा. त्यानं घातले. ‘सिट’ म्हणाला. समोरची कुत्री उभीच. पुन्हा जोरात म्हणाला. एक लॅब्राडोर तेवढं अर्धवट टेकलं आणि परत उठलं. सगळ्यांनी बघितलं. कुत्र्याला माणसाच्या शब्दापेक्षा हालचाल लवकर कळते, त्याचा पुरावा त्याच्याच मैदानात उभा होता. तरी तो काय म्हणाला? “आज ऊन जास्त आहे.”

पुढच्या वेळी सांगितलं, अशा केससाठी वेगळी बॅच लावू, फोन करतो. मी लिहून दिलं की मेसेज लेकीच्या नंबरवर करा, तिला वाचता येतं. मेसेज आला नाही. गेले की ‘पुढच्या आठवड्यात’. पाऊस सुरू झाला तरी बॅच नाही, आणि फीचे पैसेही नाहीत. पिल्लाचं शिकायचं वय असं कुणाच्या फोनची वाट बघण्यात घालवतात का?

शेवटी घरीच केलं. येळ्ळूरकडच्या आमच्या शेतात, लांब दोरी बांधून. अडचण खुणांची नव्हतीच. राणीनं आधी बघायला तर हवं! बोलणारा माणूस हाक मारून नजर ओढून घेतो. इथं कुत्र्यानं आपणहून वळून बघायची सवय लागायला हवी. त्यात मुधोळची जात, बांधावर मुंगूस हललं की तिला जग दिसत नाही. म्हणून लेकीनं सुरुवातीला एकही आज्ञा दिली नाही. राणीनं स्वतःहून तिच्या तोंडाकडे बघितलं की लगेच अंगठा वर आणि उकडलेल्या कलेजीचा तुकडा. अंगठा म्हणजे ‘बरोबर, खाऊ येतोय’. क्लासवाले ‘बरोबर’ सांगायला क्लिकर म्हणजे टक् असा आवाज करणारी छोटी डबी वापरतात, तिचं काम इथं अंगठा करतो. आधी अंगठा, मग खाऊ, हा क्रम मोडायचा नाही. आधी अंगणात, मग शेतात, मग शेजारच्या कोंबड्यांसमोर. हे पक्कं झाल्यावर बाकीच्या खुणा भराभर आल्या.

भारतीय खुणांच्या भाषेतल्या बऱ्याच खुणा दोन्ही हातांच्या आहेत, मुळाक्षरंसुद्धा. एका हातात दोरी, पावसात दुसऱ्या हातात छत्री, मग खूण कशी करणार? म्हणून राणीसाठीच्या खुणा लेकीनं एका हाताच्या ठरवल्या. बोटांच्या बारीक फरकावर जाऊ नका. कुत्र्याला हाताची दिशा आणि मोठी हालचाल नीट दिसते. आमची ‘थांब’ पंजा पुढे, ‘ये’ हात बाजूला पसरून छातीकडे. लांबूनही ओळखू येतात.

राहिलंच, घरातल्या सगळ्यांनी तीच खूण करायची. सासूबाई ‘ये गं राणी’ म्हणत मांडीवर थोपटायच्या. त्यांना लेकीनं स्वतः शिकवलं. घरच्यांना खुणा शिकायच्या असतील तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश बघा. हे केंद्र २०१५ साली झालं. २०२१ सालच्या आवृत्तीत शब्दकोशात १०,००० शब्द होते.

अंधारात हात दिसत नाहीत. संध्याकाळी राणीला आत बोलवायचं तर लेक व्हरांड्याचा दिवा उघडझाप करते. लाईट गेली तर बॅटरी, पण झोत जमिनीवर, डोळ्यांत नाही. फुलाफुलांच्या कपड्यांपेक्षा एकरंगी कपड्यांवर हात उठून दिसतो. कुत्री पाठमोरी आणि जवळ असेल तर पाय आपटा. खाऊ म्हणून कुंदा, म्हणजे आमची बेळगावी दुधाची मिठाई, कितीही मागितला तरी देऊ नका, आणि कांदा घातलेलं काहीच नको.

आता दाराची बेल वाजली की राणी लेकीच्या तळहाताला नाक लावते आणि दाराकडे निघते. आधी नुसतं तळहाताला नाक लावायला शिकवलं, मग बेल जोडली. मी स्वयंपाकघरातून बघते आणि मला माझ्या पोरीचा अभिमान वाटतो. हे तिनं शिकवलंय, मी नाही.

तुमच्या घरी असं मूल असेल आणि तरी क्लास लावायचाच असेल, तर फी भरायच्या आधी ट्रेनरला सांगा : तुमच्या स्वतःच्या कुत्र्याला एक शब्दही न बोलता बसवून दाखवा. आणि फॉर्मवर मालक म्हणून मुलाचंच नाव घाला, खोडू देऊ नका.