इंजिनांच्या नोंदी: पंखा वेगळा, एक्झॉस्ट वेगळा

या हंगामातली खरी कमाई एकच. विमानांच्या रेकॉर्डिंगमधला पंख्याचा (प्रोपेलरचा) आवाज आणि एक्झॉस्टचा आवाज आता मला सुटे ऐकू येतात. आधी सगळा मिळून एकच गडगडाट असायचा. मजा त्यातही होती, पण आता तीच फाईल पुन्हा पुन्हा लावली तरी मन भरत नाही.

हार्वर्ड या सरावाच्या विमानामुळे हे जमलं. ते डोक्यावरून जाताना कान चिरत जाणारा जो आवाज येतो, तो मुळात इंजिनाचा नाहीच. त्यातल्या प्रॅट अँड व्हिटनी आर-१३४० वास्प या इंजिनाला गिअर नाही, पंखा थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर. टेकऑफला २,२५० आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर व्यासाच्या पंख्याची टोकं ध्वनीच्या वेगाला टेकायला येतात आणि बोंब मारतात ती टोकंच. हिशेब करून पाहा: सेकंदाला साडेसदतीस फेरे, पाती २, म्हणजे ७५ हर्ट्झ. सिलिंडर ९, दर फेऱ्याला साडेचार स्फोट, म्हणजे इंजिन १६९ च्या आसपास. विमान जवळ येताना आणि लांब जाताना डॉप्लरमुळे या दोन्ही वारंवारता सरकतात, पण सरकतात जोडीनंच. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांच्या आलेखावर, एकदा त्यांच्या रेघा दिसल्या की पुढे कान आपसूक त्यांचा माग काढतो.

आता रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन: २७ लिटर, १२ सिलिंडर, दर फेऱ्याला ६ स्फोट. पूर्ण ३,००० आरपीएमला ३०० हर्ट्झ. मस्टँग या लढाऊ विमानात गिअरमुळे पंखा इंजिनाच्या निम्म्याहून कमी वेगानं फिरतो, त्यामुळे चार पात्यांची रेघ खाली ९६ च्या जवळ येते. सूर सुरेल आहे, वादच नाही. तरी मर्लिनचं कौतुक जरा जास्तच होतं, असं माझं मत (शिव्या द्यायच्या तर द्या).

कारण गार पडलेलं रेडियल (वास्पसारखं, सिलिंडर गोलाकार मांडलेलं इंजिन) सुरू होताना ऐकावं, त्याला तोड नाही. इंजिन उभं असताना तेल खालच्या सिलिंडरांमध्ये उतरतं, म्हणून आधी पंखा हातानं फिरवून ते अडकलं नाही ना हे बघतात. मग स्टार्टरची कण्हल्यासारखी घरघर, एकामागून एक सरकणारी पाती, आणि ठिणगी देणारा मॅग्नेटो चालू. एखादाच सिलिंडर भक्क करतो. काही नाही. पुन्हा भक्क, निळसर पांढऱ्या धुराचा लोट, दोन-तीन सिलिंडर धरतात, बाकीचे अजून ढिम्म. खालचे तेलानं माखलेले, ते शेवटी येतात. १-३-५-७-९-२-४-६-८ हा स्फोटांचा क्रम भरत जातो तशी त्या लंगड्या तालातली एकेक रिकामी जागा बुजते. माझ्या सगळ्यात चांगल्या फाईलमध्ये शेवटचा सिलिंडर कुठे धरतो ते बोट ठेवून दाखवता येतं. अंगावर काटा येतो, अजूनही.

माईकबद्दल थोडं. पात्यांचा आवाज पंख्याच्या बाजूला, त्याच्या फिरण्याच्या पातळीत सर्वांत जोरात असतो, पण तिथे उभं राहायचं नाही म्हणजे नाही. एक्झॉस्ट हवा असेल तर तिरकं मागे जायचं, झोताच्या बाहेर, ग्राउंड क्रूला विचारून. मर्लिनला दोन्ही बाजूंना स्वतंत्र आखूड नळ्या असतात, तेव्हा एका बाजूला उभं राहिलं की त्याच बाजूचे ६ सिलिंडर जास्त ऐकू येतात. थ्रॉटल मागे घेतल्यावरची फटफट तर जवळूनच घ्यावी. माईकला केसाळ टोपी हवीच. गेन (रेकॉर्डिंगची पातळी) आयडलवर, म्हणजे इंजिन मंद चालू असतानाच्या आवाजावर नाही, पूर्ण पॉवरच्या अंदाजानं लावायचा, नाहीतर नेमका ऐन भरातला भाग फाटतो.

आता डोळा आहे रोटरी इंजिनावर, ल रोन किंवा नोम बनावटीच्या. क्रँकशाफ्ट स्थिर आणि अख्खं इंजिन पंख्यासकट गरगर फिरतं. उतरताना वैमानिक बटण दाबून इग्निशन तोडतो आणि सोडतो, म्हणून आवाज तुटक तुटक येतो. त्या तुकड्यांमध्ये स्फोट नसतात, नुसता फिरता पंखा उरतो, म्हणजे माझ्या दोन्ही रेघा सुट्या करायला याहून सोपं इंजिन नाही. माईकवर एरंडेल उडणार, तेवढी तयारी ठेवली आहे.