पोळीचे फॉइल आणि पन्नी

गेल्या महिन्यात मी इंग्लंडमध्ये लीड्समधल्या एका औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून रुजू झाले आणि तिसऱ्याच दिवशी फार्मासिस्ट बाईंनी एका माणसाला देण्यासाठी माझ्याकडे एक पाकीट सोपवले. आत अॅल्युमिनियम फॉइलचे कापलेले ताव होते. हेरॉइनचा धूर ओढण्यासाठी ते असतात आणि पैसे घ्यायचे नाहीत, एवढेच मला सांगण्यात आले. ज्यात मी रोज पोळ्या गुंडाळते त्या वस्तूचा हा उपयोग, तोही सरकारी खर्चाने! घरी पोहोचेपर्यंत मी धुमसत होते.

खरे तर ते स्वयंपाकघरातले फॉइल नव्हेच. ते जाड असते आणि त्याला तेलाचा लेप नसतो. त्यामागचा हिशेबही सरळ आहे. एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरली की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पसरतात, शिरा खराब होतात, गळवे होतात. म्हणून नशा सुटत नसेल तर निदान सुईकडून धुराकडे वळवायचे. १९८०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये सुया मिळेनाशा झाल्या, तेव्हा लोकांनी त्याच त्या वापरल्या आणि एचआयव्हीने शहर हादरले. तरीही फॉइल वाटण्याची कायदेशीर मुभा सप्टेंबर २०१४ मध्ये मिळाली, तीही उपचाराकडे नेण्याच्या अटीवर. धूर निर्धोक नाही. त्याने फुप्फुसांचे दीर्घ विकार जडतात आणि अतिमात्रेने मृत्यूही येतो.

बाई हे कौतुकाने सांगत होत्या, तेव्हा मी त्यांना ऐकवले की आमच्या मुंबईत ब्राऊन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, १९८०च्या दशकात पसरली तीच पन्नीवर, म्हणजे अशाच फॉइलवर, गर्दुल्ल्यांना कोणत्याही सरकारने शिकवले नाही. ही तपकिरी भुकटी तापवली की सहज वाफ होते, पाण्यात मात्र आम्ल घातल्याशिवाय नीट विरघळत नाही, म्हणजे निम्मी पद्धत मालानेच ठरवली. यात मिरवण्यासारखे काय होते, ते मला अजून उमगलेले नाही. हेरॉइन ज्यापासून बनते ती अफू भारतातच पिकते ना, असे त्यांनी विचारल्यावर मी तत्परतेने सांगितले की परवान्याची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते, आमच्या मराठवाड्यात खसखस फक्त अनारशांना लागते. सुगीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूची कणी चाटवून झोळीत निजवत, हे आजीचे सांगणे मात्र मी गिळून टाकले.

संभाजीनगरात माझ्या धाकट्या भावाचे मेडिकल आहे. असे पाकीट तू ठेवशील का, असे त्याला फोनवर विचारले.

"ताई, इथं पोरं नशेसाठी बटन गोळ्या मागायला येतात, चिठ्ठी मागितली की शिव्या देतात. तू पन्नीचं काय घेऊन बसलीस?"

थोडा वेळ गप्प राहून त्यानेच विचारले, तो माणूस परत आला का. आला होता, आणि दोन्ही वेळा त्याने माझे आभार मानले होते.