चहा सोडला, चॉकलेट खाल्लं

अ‍ॅडेनोसिन स्ट्रेस टेस्टला, म्हणजे औषध देऊन करायच्या हृदयाच्या तपासणीला, आलेल्या पेशंटला मी चहाबद्दल दोनदा विचारते. ‘चहा घेतलात का’ म्हटलं की मुंबईतला माणूस ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी चहा म्हणजे घरचा, बशीतून प्यायलेला. स्टेशनबाहेर उभ्याउभ्या मारलेली कटिंग त्यात धरत नाहीत. म्हणून कटिंगचं वेगळं विचारायचं. मग कॉफी, कोल्ड्रिंक, डोकेदुखीची गोळी (काहींमध्ये कॅफिन असतं), आणि सगळ्यात शेवटी चॉकलेट. चॉकलेटच्या प्रश्नाला बहुतेक ज्येष्ठ मंडळी हसतात. आमचं काय आता चॉकलेट खायचं वय आहे का, वगैरे.

ते आजोबा हसले नाहीत. ‘हो, खाल्लं की. सकाळी साडेसहाला. चार चौकोन.’

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंट मला सिस्टर म्हणतात, वॉर्डातल्या सिस्टर मला एक्स-रेवाली म्हणतात, आता दुरुस्त करणं सोडून दिलंय. आमचा दिवस हॉट लॅबमध्ये जनरेटरमधून टेक्नेशियम, म्हणजे फोटोसाठी लागणारं किरणोत्सारी द्रव्य, काढण्यापासून सुरू होतो. त्याचं अर्धं आयुष्य सहा तासांचं, म्हणजे सकाळी आठला जेवढं हातात असतं तेवढं दुपारी दोनला निम्मं उरतं. ते ज्यापासून तयार होतं ते जनरेटरमधलं मॉलिब्डेनमही ६६ तासांत निम्मं होतं, त्यामुळे आठवड्याच्या शेवटी प्रत्येक पेशंटचा डोस जुळवताना मनातल्या मनात वजाबाकी चालू असते. ‘पेशंट उद्या बोलवू’ हे वाक्य त्यामुळे आमच्याकडे कोणालाच आवडत नाही.

आजोबा लालबागचे, बेस्टचे निवृत्त ड्रायव्हर. मधुमेह जुना, दोन्ही गुडघे गेलेले. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी हृदयाची तपासणी हवी होती आणि ट्रेडमिलवर चालणं तर शक्यच नव्हतं. अशांसाठी अ‍ॅडेनोसिन. ते शिरेतून सोडलं की हृदयाच्या निरोगी रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतला प्रवाह तीन-चार पट होतो. अरुंद झालेल्या वाहिनीला तेवढं जमत नाही. टेक्नेशियम जोडलेलं औषध रक्ताबरोबर जातं, जिथे रक्त कमी तिथे तेही कमी, आणि कॅमेऱ्यात हा फरक दिसतो. कॅफिन नेमकं इथे आडवं येतं. अ‍ॅडेनोसिनला पेशीवर जिथे बसायचं असतं, तिथे ते लोकलच्या सीटवर रुमाल टाकावा तसं आधीच जागा अडवून ठेवतं. मग वाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, फरक दिसत नाही, आणि आजारी हृदयाचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. चॉकलेटमध्ये कॅफिन तर असतंच, शिवाय त्याचं भावंड थिओब्रोमिन कितीतरी जास्त असतं. ते या बाबतीत कॅफिनपेक्षा दुबळं, पण घराणं तेच. गंमत म्हणजे टेस्टमध्ये पेशंटला फार त्रास झाला तर उतारा म्हणून आम्ही जे अमिनोफायलिन भरून ठेवतो, तेही याच घराण्यातलं. म्हणजे आजोबा उतारा आधीच खाऊन आले होते.

‘पण आजोबा, चॉकलेट कसं काय?’

‘तुम्हीच चहा बंद केलात ना चोवीस तास? सकाळी काहीतरी लागतं. नात आणून देते ते काळं चॉकलेट, पंच्याऐंशी टक्क्यांचं. हृदयाला चांगलं असतं. हृदयाच्याच टेस्टला चाललो होतो.’

सूनबाईंनी पिशवीतून आमचाच सूचनांचा कागद काढला. आजोबांनी तो लाल पेनाने अधोरेखित केला होता. चौथ्या ओळीत: चहा, कॉफी, कोल्ड्रिंक २४ तास बंद. चॉकलेटचा उल्लेख नाही. नवव्या ओळीत: सोबत दूध, चॉकलेट किंवा बटाटावडा आणावा.

ही नववी ओळ खोटी नाही. आमचं टेक्नेशियमचं औषध यकृतातून पित्ताशयात उतरतं आणि हृदयाच्या खालच्या भिंतीशेजारी असं चमकत राहतं की फोटो वाचता येत नाही. तेलकट-तुपकट खाल्लं की पित्ताशय रिकामं व्हायला मदत होते. त्यामुळे इंजेक्शननंतर चॉकलेट चालतं, हवंच असतं. मात्र आमच्याकडे एकाच दिवसात आधी विश्रांतीचे फोटो आणि मग स्ट्रेस असा क्रम आहे. त्यात पहिल्या इंजेक्शननंतर चॉकलेट खाल्लं की दुसऱ्या भागाची वाट लागते. ट्रेडमिलवाल्यांसाठी लिहिलेला कागद कोणीतरी अ‍ॅडेनोसिनवाल्यांनाही चिकटवला आणि तो वर्षानुवर्षं झेरॉक्स होत राहिला. पेशंट सूचना पाळत नाहीत अशी तक्रार आमच्या खात्यात रोज होते. या माणसाने सगळ्या पाळल्या होत्या.

आमचा रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, म्हणाला, ‘चार तुकड्यांनी काय होतंय, घेऊन टाकू.’ हिशोब त्याच्या बाजूने अगदीच नव्हता असं नाही. ७० ते ८५ टक्के कोकोच्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये साधारण ८० मिलिग्रॅम कॅफिन आणि ८०० मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं. आजोबांचे चार चौकोन ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कॅफिन तीसेक मिलिग्रॅम, चहाच्या कपाहून फार कमी नाही. चहाचा कप पिऊन आलेल्याला आपण परत पाठवतो ना, एवढंच मी विचारलं. तो मोबाइलमध्ये बघू लागला.

आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे सर, फोटो वाचण्यात एक नंबर, पण वेटिंगमध्ये कागद हातात घेऊन कधी उभे राहिलेले नाहीत. तरी निर्णय त्यांनी झटकन घेतला. मधुमेहात छातीत न दुखताही हृदयाला रक्त कमी पडत असू शकतं, त्यामुळे अशा माणसाचा नॉर्मल रिपोर्ट खात्रीचाच हवा. आज विश्रांतीचे फोटो, उद्या स्ट्रेस. उद्याचा डोस कुठून काढायचा हे अर्थातच माझं काम.

दुसऱ्या दिवशी नात सोबत आली, तयारीनिशी. ‘मॅडम, डार्क चॉकलेटवर संशोधन आहे.’ आहेच. कॉसमॉस नावाच्या अमेरिकेतल्या चाचणीत २१,४४२ लोक होते आणि निष्कर्ष २०२२ मध्ये आले. पण त्यांना चॉकलेट दिलंच नव्हतं. रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलच्या, म्हणजे कोकोतल्या एका प्रकारच्या घटकांच्या, कॅप्सूल होत्या. हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्के कमी दिसले, पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता. रॅपरवर लिहिलेले ८५ टक्के कोकोचे असतात, फ्लॅव्हनॉलचे नव्हेत. कोकोवर अल्कलीची प्रक्रिया झाली की फ्लॅव्हनॉल बरेचसे जातात. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) २०२३ मध्ये हृदयाबद्दलचा दावा करू दिला तो फक्त फ्लॅव्हनॉल भरपूर असलेल्या कोको पावडरला, तोही ‘पुरावा अत्यंत मर्यादित’ या शब्दांसह. चॉकलेट त्यातून बाहेर. एवढं करून १०० ग्रॅममागे ६०० कॅलरी आहेतच. हे सगळं मी सांगितलं आणि तिचा चेहरा पडला. आजोबांना साखरेची मिठाई सोडवायला तिने हे कडू चॉकलेट सुरू केलं होतं, आणि त्या हिशोबाने तिचं चुकलं होतं असं मला अजूनही वाटत नाही. पेढ्यापेक्षा दोन चौकोन बरेच.

स्ट्रेस मी नेहमीप्रमाणे दोन सुया लावून केला, दोन्ही हातांना एकेक: एक अॅडेनोसिनसाठी, एक टेक्नेशियमच्या औषधासाठी. बरेच जण एकाच नळीला फाटा जोडतात. पण तिसऱ्या मिनिटाला आपलं औषध ढकलताना नळीतलं अ‍ॅडेनोसिनही एकदम आत जातं आणि हृदयाचा ठोका चुकू शकतो. पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ देत. मिनिटभरात आजोबांचा चेहरा लाल झाला, श्वास वाढला. ‘छातीवर कोणीतरी बसलंय,’ म्हणाले. औषध लागू पडतंय म्हणून मला बरं वाटलं, असं वाटणं विचित्र आहे हे कळतं. सहाव्या मिनिटाला पंप बंद केला आणि बघता बघता सगळं उतरलं. अॅडेनोसिन रक्तात काही सेकंदच टिकतं.

मग आमच्या वॉर्डबॉय मामांनी सवयीने ड्रॉवरमधून चॉकलेट काढून पुढे केलं. आजोबांनी हात मागे घेतला. ‘काल याच्यावरून घरी पाठवलंत. आधी एकमत करा.’ शेवटी बटाटावडा खाल्ला.

फोटोत खालच्या भिंतीला छोटा भाग स्ट्रेसमध्ये फिका होता, विश्रांतीत भरलेला. सौम्य. औषधं वाढवली आणि काही दिवसांनी गुडघ्याची तारीख मिळाली. आदल्या दिवशी रेटून केलं असतं तर तो भाग दिसला असता की नाही, यावर रजिस्ट्रारचं आणि माझं अजून जमत नाही. तो म्हणतो, दिसलाच असता. असेलही. सौम्य फरकच सगळ्यात आधी पुसला जातो, असं मी म्हणते. एका माणसाची टेस्ट दोन्ही प्रकारे करून बघता येत नाही, त्यामुळे भांडण मिटत नाही.

नवा कागद मी त्याच आठवड्यात टाइप करून दिला, अ‍ॅडेनोसिनचा वेगळा. त्यात चौथ्या ओळीत चॉकलेट आणि चॉकलेटी पावडर घातलेलं दूधसुद्धा आहे. तो क्वालिटी विभागात मंजुरीला गेलाय. फॉन्टचा आकार नियमात बसत नाही म्हणून एकदा परत आला. तोवर जुन्याच कागदावर मी पेनाने लिहून देते, आणि चहाबद्दल दोनदा विचारते तसं आता चॉकलेटबद्दलही.