वडोदरा यार्ड १:८७ : सिग्नल खरा, रस्ता चुकीचा

वडोदरा यार्डाच्या माझ्या १:८७ मॉडेलवर उत्तर टोकाचा सांधा (रूळ बदलणारी जोडणी) आणि रूट इंडिकेटर (गाडी कोणत्या वाटेला जाणार ते दाखवणारे सिग्नलवरचे दिवे) चालू झाले. सुरतेकडून आलेल्या गाडीला इथून दोन वाटा: डावीकडे बाजव्यावरून अहमदाबाद, उजवीकडे छायापुरीवरून गोधरा-रतलाम. मॉडेलवर दोन्हींना पाच-पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ, म्हणजे ‘हात’, दिलाय.

दिवे ०६०३ मापाचे एलईडी, प्रत्येकाला वेगळा १ किलोओहम, म्हणजे साधारण २ मिलिअँपिअर. पाचांत मिळून एकच रेझिस्टर लावला तर एक दिवा गेल्यावर उरलेले जास्त उजळतात आणि बिघाड झाकला जातो. खऱ्या रेल्वेत पाचांपैकी किमान तीन लागल्याशिवाय सिग्नल ‘ऑफ’ होत नाही, म्हणजे गाडीला पुढे जायची परवानगी देत नाही. तीच अट इथे घातली: पाचांची परतीची वायर २२ ओहममधून ग्राउंडला, आणि तिथला व्होल्टेज अर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या अ‍ॅनालॉग पिनवर. ५ व्होल्टच्या रेफरन्सवर एका दिव्यामागे रीडिंगमध्ये (० ते १०२३) जेमतेम ९ चा फरक पडतो, तो नॉइजमध्ये हरवतो. आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स घेतला की तोच चाळिसेक होतो. दोन दिव्यांना ८२ च्या आसपास, तिनांना १२३. मर्यादा १०० ठेवली. रेफरन्स बदलल्यावरचं पहिलं रीडिंग सोडून द्यायचं.

सांधा हलवायला एसजी९० सर्वो (छोटी मोटर). सांधा खरंच हलला का ते सांगणारा मायक्रोस्विच आधी सर्वोच्या हातावर बसवला होता, ती चूक. मधली तार निसटली तरी सर्वो फिरतो, स्विच दाबला जातो आणि सांधा न हलताच सिग्नल मिळतो. स्विच टायबारच्या (सांध्याचे दोन्ही हलते रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) पलीकडच्या टोकालाच हवा. खऱ्या सांध्यात ५ मिमीचा अडथळा घालून तो लॉक होत नाही ना, ते पाहतात. ते माप इथे ०.०६ मिमी भरेल, त्यामुळे ०.५ मिमीच्या फीलर गेजवर (मापाच्या पातळ पट्टीवर) भागवलं.

एवढं करून सिग्नल खोटं बोलत नाही, इतकंच. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारच्या रेल्वे अपघातात सिग्नल मेन लाइनचा आणि सांधा लूपचा होता. ते दुखणं वेगळं. केबिनमध्ये बटणच भलतं दाबलं गेलं, तर सांधा, इंडिकेटर, सिग्नल सगळे एकमताने रतलामची गाडी अहमदाबादला धाडतात. इंटरलॉकिंगला (सांधा आणि सिग्नल एकमेकांशी बांधणाऱ्या यंत्रणेला) गाडीचं नाव कुठे ठाऊक असतं! म्हणून चालवणाऱ्याच्या हातात गाडीचं कार्ड, त्यावर तिची वाट. दिव्यांचा हात कार्डाशी जुळला नाही तर गाडी सिग्नलच्या अलीकडे उभी करायची आणि केबिनला कळवायचं.

मग सिग्नल परत लाल, पण सांध्याचं लॉक लगेच मोकळं नाही: खऱ्या यार्डात १२० सेकंद, टेबलावर ३०. गोची इथेच होती. चार सर्वो एकदम हलले की ५ व्होल्ट खाली बसायचे, नॅनो रिसेट व्हायचा, टायमर पुसला जायचा आणि गाडीखालचा सांधा मोकळा! सर्वोंना वेगळा ५ व्होल्ट २ अँपिअरचा सप्लाय, जोडीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ग्राउंड मात्र एकच. आणि कोडमध्ये: चालू होताच सगळे सिग्नल लाल, टायमर पूर्ण ३० पासून.